प्लॅस्टिकच्या होडीला पाजलेलं तेल

कोपरी, ठाणे (पूर्व)
नारळी पुनवेनंतरचा रविवार, ऑगस्ट १९९३

तीर्थरूप नाथादादाच्या चरणी,

धाकट्या कान्हाचा, वाकता येईल तेवढं वाकून केलेला नमस्कार. (जास्त वाकता येत नाही, पाठीत उसण भरली आहे. कारण पुढे येईल.) वहिनींनाही नमस्कार सांग आणि त्यांचे गुडघे कसे आहेत ते कळव. बहारीनच्या उन्हात गुडघे बरे राहतात असं मंजुळाचं म्हणणं आहे, पण मंजुळाचं प्रत्येक गोष्टीबद्दल काही ना काही म्हणणं असतंच. इकडे सगळं क्षेम आहे. आमची जनी तिसरीत गेली. बाबांचा खोकला कमी आहे, भूक वाढली आहे आणि बोलणं तर फारच वाढलं आहे. आत्ता ते समोर ओट्यावर सुपारी कातरत बसले आहेत. एकेक कागद लिहून झाला की मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच पुढचा घ्यायचा, असा त्यांचा हुकूम आहे. तेव्हा मध्येच कंसात काही वेडंवाकडं दिसलं तर ते बाबांचं आहे, माझं नाही.

तू जनीच्या वाढदिवसाला पाठवलेला ठोकळ्यांचा खोका मिळाला. एकावर एक दाबून बसवायचे ते रंगीत प्लॅस्टिकचे ठोकळे, दातेरी चक्रं, आणि वर एक छोटी मोटार. जनीने पहिल्या दिवशी त्याचं घर केलं आणि दुसऱ्या दिवशी ती घराला कंटाळली. मी मात्र 'आतला कागद नीट वाचून देतो' असं सांगून जो खोका ताब्यात घेतला, तो आजतागायत परत दिलेला नाही. तुला ठाऊकच आहे की मी पंख्यांच्या कारखान्यात आहे. तिथे मी मोटारींच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावतो. इतकी वर्षं मोटारींवर चिठ्ठ्या लावल्यावर माणसाला मोटारींतलं कळू लागतं असा माझा समज होता, आणि हा समज दूर करायला घरातलं कुणी वेळेवर पुढे आलं नाही.

पहिला प्रयोग ट्रकचा. ठोकळ्यांचा ट्रक केला, मोटार बसवली, तो चालला, पण मोटारीची वायर बॅटरीच्या डबीला आणि डबी माझ्या हातात. म्हणजे ट्रक घरभर फिरणार आणि मी त्याच्यामागे उकिडवा फिरणार. मंजुळा म्हणाली की त्यापेक्षा हातानेच ढकला, सेल तरी वाचतील. मला ते लागलं. कल्याणच्या बाजारातून एक रिमोटवर चालणारी मोटारगाडी आणली, तिचं पोट फाडलं आणि आतली सर्किटची पट्टी काढून ठोकळ्यांच्या मोटारीला जोडली. आता वायर गेली, पण एक नवीनच गोष्ट कळली. त्या रिमोटला एकच बटण होतं. बटण दाबलं नाही तर गाडी पुढे जायची, दाबलं तर वळत वळत मागे यायची. थांबणं हा प्रकार तिच्या जन्मपत्रिकेतच नव्हता. ट्रक कपाटाखाली गेला तो तिथेच सेल संपेपर्यंत भिंतीला धडका देत राहिला आणि मी बाहेर पालथा पडून त्याला धीर देत होतो.

हे सगळं बाबा बघत होते असं मला वाटलं नव्हतं. दादा, तू दोन वर्षं आला नाहीस, म्हणून लिहितो. (बाबा म्हणतात, हे वाक्य दोनदा लिही. एकदा पुरे.) आपली होडी मोडीत काढली तेव्हापासून बाबा बंदराकडे फिरकलेले नाहीत. खाडीत मासळी राहिली नव्हती, फळ्या कुजल्या होत्या, दुसरा इलाज नव्हता, आणि निर्णयही त्यांचाच होता. पण त्यानंतर ओट्यावरची खुर्ची फिरवून त्यांनी तिचं तोंड रस्त्याकडे केलं. नारळी पुनवेला आपल्या घरचा नारळ तांडेलाने आपल्या होडीतून जाऊन द्यायचा असतो. होडी नाही तर नारळ कसला, असं एकदाच बोलले. दोन्ही वर्षं मीच काठावरून नारळ सोडून आलो, आणि घरी आल्यावर त्यांनी नारळ गेला का एवढंही विचारलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटत होतं. तेव्हा यंदा ठरवलं की बाबांच्या हातूनच नारळ जायला हवा. होडी हवी ना, होडी करू. खऱ्या होडीत मला बसवत नाही हे तुला माहीत आहे. अख्ख्या कोळीवाड्यात पाणी हललं की पोटात ढवळणारा मी एकटाच. प्लॅस्टिकच्या होडीत निदान बसायचं नव्हतं.

हातभर लांबीची होडी केली. लाल, पिवळे, निळे, जे मिळतील ते ठोकळे. पोटात थर्माकोल, म्हणजे पाणी शिरलं तरी तरंगेल. सेल आणि सर्किट साबणाच्या डबीत. मागे पत्र्याचा पंखा, तो मीच कापला (पंख्यांच्या कारखान्यात असल्याचा एवढाच उपयोग झाला). नारळ पुढच्या टोकावर ठेवायचा, होडी पाण्याच्या मध्यावर गेली की बटण दाबायचं, ती हिसका देऊन मागे येईल आणि नारळ पुढे पाण्यात पडेल. म्हणजे त्या रिमोटमधली खोट मी सोय म्हणून वापरली होती. ही कल्पना सुचली त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की कारखान्यात दोन खोक्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लागल्या.

होडी ओट्यावर ठेवली होती. बाबा रस्त्याकडे बघत बसलेले. बऱ्याच वेळाने मान न वळवता म्हणाले, "नाल सरल केलीस. लाटेला डोक्यान मारल ती." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, हे वहिनींसाठी. थोड्या वेळाने खुर्चीच फिरली. त्यांनी होडी मांडीवर घेतली, पुढचे ठोकळे काढले आणि आपल्या जाड बोटांनी एकेक बसवत नाळ उचलून घेतली. खिळा नाही, खोबण नाही, नुसतं दाबायचं, यावर त्यांचा विश्वासच बसेना. प्रत्येक ठोकळा बसवला की ओढून बघत. (बाबा म्हणतात, नाळ कुणी केली ते नीट लिही. लिहिलं आहे.) मग पत्र्याच्या टबात पाणी भरून चाचणी घेतली. होडी झकास चालली. टबाच्या कडेला आपटत राहिली, पण एक ठोकळा हलला नाही. तिथेच थांबलो असतो तर हे पत्र निम्म्यात संपलं असतं.

आता माझ्या अकलेचा मुख्य भाग. पुनवेच्या आदल्या दिवशी मला सुचलं की होडी पाण्यात जायची तर तिला तेल नको का? आपली होडी पावसाळ्यानंतर पाण्यात ढकलायच्या आधी मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजायचो, ते लाकडात मुरतं, फळी फुगत नाही. लाकडाला जे लागतं ते प्लॅस्टिकलाही लागणार, असा मी हिशेब केला. घरात त्या जुन्या तेलाची बाटली उरली होती, ती काढली आणि होडीला आतून बाहेरून, सांध्यासांध्यांत, भरपूर तेल चोपडलं. शिकलेला माणूस मी, रोज कारखान्यात प्लॅस्टिक हाताळतो, आणि प्लॅस्टिक तेल पीत नाही एवढं मला कळू नये? ठोकळे एकमेकांना धरून राहतात ते नुसत्या घट्टपणाने, आणि त्या घट्टपणालाच मी तेल लावलं. रात्रभर वाड्यातली मांजरं दारात बसून होती, त्यांना बिचाऱ्यांना वाटलं की घरात मोठी मुशी आली आहे. (हा कागद बाबांनी दोनदा वाचायला लावला.)

पुनवेला वाड्याची मिरवणूक संध्याकाळी निघते, पण आपल्या घरचा नारळ दुपारच्या भरतीला जातो. बाबांनी धुतलेला सदरा घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि आपण होऊन बंदराकडे चालू लागले. मी होडी घेऊन मागे, माझ्यामागे मंजुळा नारळ घेऊन, तिच्यामागे जनी आणि सगळ्यात शेवटी मांजरं. बंदरावर ही गर्दी. शेजारचा महिपत त्याच्या खऱ्या होडीत बसून आमच्याकडे बघत होता. बाबांनी पूजा केली, सोनेरी कागदातला नारळ नाळेवर ठेवला, भरती पुरी होऊन पाणी उलटायची वाट बघितली (तेवढं मात्र आमच्यापैकी त्यांनाच कळतं) आणि होडी सोडली. दादा, काय सांगू. सरळ गेली. अर्थात सरळ जाण्यापलीकडे तिला काही येतच नव्हतं, पण गेली. बाबांच्या हातात रिमोट, नजर होडीवर, आणि मी दोन वर्षांत न पाहिलेला चेहरा. माझे डोळे भरून आले, म्हणून पुढचं मी जरा उशिरा पाहिलं.

आधी एक लाल ठोकळा वेगळा झाला. मग दोन पिवळे. मग अख्खी डावी बाजू सुटून निघाली. बाबांनी बटण दाबलं, मोटारीने हिसका दिला आणि मोटारच मागे निघून गेली, होडी पुढेच राहिली. पाण्यावर रंगीबेरंगी ठोकळे पसरले, थर्माकोल वर आला, साबणाची डबी काठाकडे यायला लागली. नारळ तेवढा पाण्यात पडला आणि ओहोटीबरोबर सरळ खाडीच्या तोंडाकडे गेला, म्हणजे देवाच्या बाजूने पाहिलं तर सगळं व्यवस्थित झालं. पण काठावर कुणी देवाच्या बाजूने बघत नव्हतं. महिपत बाबांना म्हणाला, "गोमाजीतात्या, तुमची होरी फुटली." सगळ्यांच्या नजरा बाबांच्या हातातल्या रिमोटवर गेल्या. ज्या तांडेलाची होडी उभ्या आयुष्यात कधी फुटली नाही, त्याच्यावर ही वेळ. बाबांचा हात हळूहळू खाली आला. तेव्हा मी ओरडून सांगितलं की बाबांचा काही संबंध नाही, मी मूर्खाने प्लॅस्टिकला तेल पाजलं.

मग जे हसू फुटलं ते थांबेना. पंख्यालाही तेल पाजतोस का, असं महिपतने विचारलं. कुणीतरी म्हणालं की कान्ह्याला बादलीला पण तेल पाजायला सांगा. शेवटी बाबाही हसले. दोन वर्षांनी हसले, तेही माझ्यावर, पण मी तक्रार करणार नाही. संध्याकाळच्या मिरवणुकीत ते पुढे होते आणि भेटेल त्याला 'आमचा शिकलेला' कसा ते सांगत होते. तेवढ्या वेळात मी गुडघाभर चिखलात उतरून तुझी मोटार शोधत होतो. मोटार मिळाली, उसण तिच्याबरोबर आली. आता बाबा रोज सकाळी बंदरावर जाऊन बसतात. खुर्ची पाण्याकडे तोंड करून आहे.

वहिनींना पुन्हा नमस्कार. सवड होईल तेव्हा ये, आणि आलास की मला वाकायला सांगू नकोस.

तुझा धाकटा,
कान्हा

ता.क. : बाबा सांगताहेत ते लिहितो. "अजून एक खोका धाडून दे. या येलेला मोठी होरी करायची, दोन मोटारी लागतील. नाल मी करीन." आणि पुढे, "कान्ह्याला जास्त बोलू नको असा लिव. पोर चुकतं कधी कधी." लिहिलं.

दुसरा ता.क. : हे पोस्टातल्या फळीवर टेकून, बाबांना न वाचून दाखवता लिहितो आहे. वरचं सगळं खरं आहे, फक्त तेल माझं नाही. आदल्या दिवशी बाबांनीच विचारलं, "उद्या पान्यात जानार आन हिला तेल नाय पाजला?" बाटली तेच घेऊन आले. मांडी घालून बसले आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत तळहाताने तेल चोळत राहिले, अगदी आपल्या होडीला चोळायचे तसे. चोळता चोळता मागची एक पट्टी त्यांच्या हातात आली, ती मी त्यांचं लक्ष नसताना परत दाबून बसवली. तेव्हाच मला कळलं होतं. सांगणार होतो, पण तेवढ्यात त्यांनी पुन्हा तळहातावर तेल घेतलं.

आता अडचण अशी की काल त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं की प्लॅस्टिक खरंच तेल पीत नाही का. होडी कशाने फुटली ते त्यांना उमगलंच आहे, पण तेल कुणी लावलं हे तुला आणि वाड्याला कळलं आहे असा संशय आला तर ते बंदरावर जायचे बंद होतील आणि खुर्ची परत रस्त्याकडे फिरेल. म्हणून तुझ्याकडे मागणं आहे, खोक्याचं नाही. तू गोदीतला माणूस, होड्यांतलं तुझं ते ऐकतात. उलट टपाली मला सडकून शिव्या घाल. तेल लावणारा कान्हा गाढव आहे, बाबा शेजारी असताना त्यांना विचारलं कसं नाहीस, असं स्वच्छ लिही. जास्त बोलू नको म्हणाले असले तरी तू बोल. हात आखडू नकोस. मी वाचताना मधलं गाळतो असा बाबांना संशय आहे, म्हणून हल्ली तुझं पत्र त्यांना मंजुळाच वाचून दाखवते. माझ्या वाट्याच्या शिव्यांतली एकही ती गाळणार नाही.