योगराजच्या विहिरीचे पाणी

प्रिय भूमिका,

मी, प्रेमराज मोतीलाल चौधरी, वाणिज्य पदवीधर, जळगावच्या एका डाळमिलचा लेखापाल आणि तुझा मोठा काका, तुझ्या वडिलांच्या, योगराजच्या, शेतातील पाण्याची आजची स्थिती कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. घरच्या पत्रालाही कचेरीचा साचा लावला म्हणून हसशील, हस.

दोन वर्षांपूर्वी तू ट्यूबवेलचे पाणी तपासायला पाठवलेस आणि त्यातील कार्बनवरून ते सुमारे चार हजार वर्षांचे ठरले. योगराजला तो बहुमान वाटला. त्याने पारावर पेढे वाटले! तू तिथेच, सर्वांसमोर, सांगितलेस की जुने म्हणजे नव्या पावसाची भर न पडणारे. केळीला दिले की संपले. तुझे म्हणणे बिनचूक होते. पण शेजारचा झिपरू रोज विचारू लागला, "योगराजभाऊ, तुमच्या पान्याले पेन्शन चालू झाली का?" आणि तुझा बाप तुझ्यावर उखडला, "माह्या पान्याले म्हातारं म्हनते! पुन्हा इथं येऊ नको."

त्यानंतर दोन आखाज्या, लेकींनी माहेरी यायच्या दोन अक्षय्य तृतीया, गेल्या. धुळे काही दूर नाही, तरी तू आली नाहीस. गेल्या वर्षी तुझ्या आईने, दिपमालाने, निंबाला झोका बांधला आणि तो रिकामाच सोडला.

आता तुला ठाऊक नसलेले सांगतो. गेल्या पावसाळ्याआधी योगराजने बांधावरच्या कोरड्या विहिरीतला गाळ काढला, नाल्याचे पाणी वाळू-गोट्यांतून गाळून तिच्यात सोडले आणि निम्मी केळी मोडून हरभरा घेतला. कारण विचारले तर म्हणाला, "केळीचा कटाळा आला, भाऊ." मार्च सरला, तरी विहिरीत दोन पुरुष खोल पाणी आहे. मात्र ते पावसाचे, की ट्यूबवेलचेच झिरपून आलेले, हे डोळ्यांना कळत नाही. तुझे ते ट्रिटियम, किरणोत्सारी हायड्रोजन, नव्या पावसाच्याच पाण्यात सापडते ना?

काल तो माझ्याकडे आला आणि पिशवीतून एक बाटली काढली. विहिरीत बुडवून भरलेली, पाण्यातच झाकण लावलेली, तपासणीच्या नमुन्याला लागते तशी. उलटी करून पाहिली, आत हवेचा एकही बुडबुडा नाही. म्हणाला, "भूमीले पाठव. मी देली म्हनू नको." मग दारापर्यंत जाऊन परत फिरला, "निकाल कसाबी येवो, तिनं येऊन सांगावं. आखाजीले." दोन्ही सूचना एकाच वेळी पाळणे शक्य नाही, मी दुसरी पाळत आहे. बाटली पत्रासोबत धुळ्याला निघालेल्या नवलच्या हाती देतो. तपासणीला महिने लागतात, हे मी जाणतो. निकालासाठी थांबू नकोस.

तुझाच,
प्रेमराज मोतीलाल चौधरी
जळगाव, २ एप्रिल २०२५