यायलाच हवं असं नाही

मंगळवार, १० सप्टेंबर

पाठवलं एकदाचं! पिवळ्या पेटीत टाकलं आणि अडकलं तर नाही ना म्हणून झाकण दोनदा उघडून पाहिलं. इंग्रजीतलं माझं पहिलं पत्र. एकाहत्तराव्या वर्षी. कुणाची मदत नाही, डिक्शनरी आणि मी. आमच्या वेळी पूर्व जर्मनीत शाळेत रशियन. इंग्रजी ती भिंतीपलीकडच्यांची.

हाइको होता तोवर लागलीही नाही. मी बोलले की तो बायकोला सांगायचा, ती बोलली की मला. दोन वर्षं झाली माझा पोरगा जाऊन. आता तिकडे स्कॉटलंडात, डंडीत सून मॉरवेन आणि नात आइल्सा, इकडे श्ट्रालझुंडमध्ये मी. मधे कुणी नाही. म्हणून तर हा इंग्रजीचा क्लास.

लिहिलं काय? नाताळला दरवर्षी येता. दोन विमानं, वर आगगाडी, पोरगी वाटेत ओकते. यायलाच हवं असं नाही. दर रविवारी फोन करता, तोही करायलाच हवा असं नाही. मॉरवेन अजून चाळिशीत आहे. मेलेल्या नवऱ्याच्या आईचं ओझं किती दिवस वाहायचं तिनं?

खरं लिहू? इथे कोण वाचतंय! तिनं उलट टपाली लिहावं असं वाटतंय — काहीतरीच काय, येणारच आम्ही. पोटात एक, ओठात एक. जुनी खोड माझी.

रविवार, २२ सप्टेंबर

फोन नाही. पत्र पोचलं असणार.

रविवार, २९ सप्टेंबर

आजही नाही. आलुबुखाराचा केक केला होता. कशाला केला कोण जाणे, फोनवरून काही खाता येत नाही. पूर्वी आइल्सा विचारायची, ओमा, केक? जर्मनमधलं तेवढंच येतं तिला, ओमा म्हणजे आजी, आणि केक. चारला खुर्ची फोनपाशी ओढली. सहाला परत टेबलापाशी.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

प्रीबं म्हणाला, "रोझी, तोंड का पाडून बसलीस?" हा क्लासमधला माझा शेजारी. रेल्वेत सिग्नल सांभाळायचा. आता बोटीची सहल करणार म्हणून बिअर मागण्यापुरती इंग्रजी शिकतोय. पहिल्याच दिवशी न विचारता अगं-तुगं! जहाजाच्या कारखान्यात आम्ही सगळेच अरे-तुरे करायचो म्हणा. पण तिथे मी तीस मीटर उंचावर क्रेनमध्ये असायचे. खालून आगाऊपणा करायची कुणाची छाती नव्हती.

पोट बिघडलंय म्हणून सांगितलं त्याला.

रविवार, १३ ऑक्टोबर

सुटले एकदाची, म्हणाली असेल मॉरवेन. बरोबरच आहे. नवरा गेला, आता सासूशी काय देणंघेणं! पण साधं 'पत्र मिळालं' तरी? एवढा डिक्शनरीत डोकं घालून जीव काढला मी.

मी नाही फोन करणार. मुळीच नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

घड्याळं एक तास मागे. म्हणजे आजची वाट एक तास जास्त.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

काय करून बसले मी! काय करून बसले!

आमच्या बाई म्हणजे फ्राउ ओहलरोगं. भिंत पडेपर्यंत रशियन शिकवायच्या, मग एका उन्हाळ्यात इंग्रजीच्या बाई होऊन आल्या. छडी तेवढी नाही, बाकी तोच धाक. आज त्यांनी फळ्याचे चार भाग केले. जमणं, परवानगी, सक्ती, शक्यता. कॅन, मे, मस्ट, माइट. प्रत्येकानं एकेक वाक्य करायचं.

प्रीबंनं सांगितलं, आय कॅन ड्रिंक फाइव्ह बिअर्स. बाई म्हणाल्या, जमणं झालं, आता परवानगीचं सांगा. तर म्हणतो ते बायकोला विचारावं लागेल. सगळे हसले, मीही. मला 'मस्ट'चं नकारी वाक्य आलं. मी म्हटलं हे तर तयारच आहे, आणि ऐटीत म्हणाले, यू मस्ट नॉट कम अ‍ॅट ख्रिसमस.

बाईंनी विचारलं, कोणाला म्हणताय हे? सुनेला, म्हटलं. त्यांनी खडू खाली ठेवला. "फ्राउ टीडमान, भांडण झालंय का तुमचं?"

भांडण कसलं! मग त्यांनी फळ्यावर लिहिलं. आमचं जर्मन 'मुस निष्त' म्हणजे करायलाच हवं असं नाही. इंग्रजी 'मस्ट नॉट' दिसायला तेच, जुळी बहीणच. पण अर्थ — करायचं नाही! बंदी! आपल्याला हवं ते म्हणायला 'डोन्ट हॅव टू' लागतं. सगळे जर्मन इथे पडतात, मनाला लावून घेऊ नका, म्हणाल्या.

पुढचं काही ऐकू आलं नाही. प्रीबं पुन्हा काहीतरी बोलला, वर्ग पुन्हा हसला. मी कोट उचलला आणि बाहेर पडले.

बुधवार, ६ नोव्हेंबर

पत्राचा कच्चा खर्डा काढला. बाईंनी सांगितलेल्या अर्थानं वाचला.

प्रिय मॉरवेन, नाताळला यायचं नाही. दर रविवारी फोन करायचा नाही. आइल्सालाही सांग. तुला तुझं आयुष्य आहे.

खाली 'प्रेमपूर्वक'. वा गं बाई!

काय वाटलं असेल तिला? नवरा गेला, दोन वर्षं इमानानं सासूला धरून राहिली, आणि म्हातारी म्हणते तोंड दाखवू नका. आणि मी इथे रुसून बसलेय! दोन महिने! जेवण गेलं नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बाईंनी क्लासनंतर थांबवलं. मी फोन करून समजावून सांगू का, म्हणाल्या. चांगल्या आहेत. पण नको म्हटलं. माझी घाण मी निस्तरीन.

आठवडाभर स्वयंपाकघरात तेच चाललंय. यू डोन्ट हॅव टू कम. बटाटे सोलताना, भांडी घासताना. जीभ वळत नाही. वळली की धीर होत नाही. समजा मॉरवेननं फोन उचलला आणि भराभर बोलायला लागली — तिचं स्कॉटिश बोलणं हाइकोलाही पहिलं वर्षभर कळत नव्हतं म्हणे.

प्रीबं बंदरापर्यंत बरोबर आला. मागे लागला तेव्हा सांगितलं सगळं. यावेळी हसला नाही. हेरिंग मासा घातलेला पाव घेतला दोघांना, आणि विचारलं, फोनवर नेमकं सांगायचंय काय तुला? म्हटलं, हेच की यायलाच हवं असं नाही.

"रोझी, व्याकरण सुधारलंस. वाक्य खोटंच आहे."

राग आला. अर्धा पाव तसाच त्याच्या हातात देऊन घरी आले. आगाऊ मेला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

बरोबर बोलला तो.

रविवार, २४ नोव्हेंबर

मृतांचा रविवार. सगळं गाव कबरस्तानात. गेर्डच्या कबरीवर सुरूच्या फांद्या घातल्या, पानं झाडली, नवऱ्याशी चार शब्द बोलले. शेजारच्या फ्राउ क्रेम्पीन आपल्या मुलाच्या कबरीवर फांद्या रचत होत्या. हेवा वाटला मला! मुलाच्या कबरीचा हेवा — कुठे येऊन पोचले मी. माझा हाइको समुद्रापलीकडे. एकदाच पाहिली ती जागा, तीही पावसात, छत्र्यांमधून.

आइल्सा हसते ना, तेव्हा आधी नाक वर करते. हाइको असाच हसायचा, अगदी पाळण्यात असल्यापासून. ते नाक बघायचंय मला. पोरीचे केस विंचरायचेत, तिच्या ओल्या मोज्यांवर ओरडायचंय. तिला यावंसं वाटेल का, जमेल का, तिला त्रास होईल का — खड्ड्यात गेलं ते सगळं. मला ती इथे पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजे.

हे पत्रात का नाही लिहिलं मी? अख्ख्या पत्रात 'तुम्ही' होतं, 'मी' कुठेच नव्हते.

रविवार, १ डिसेंबर

केला फोन! नाताळआधीच्या चार रविवारांतला पहिला, पहिली मेणबत्ती लावली आणि ती विझवायच्या आत करायचाच असं ठरवलं. कागद समोर. आकडे तीनदा चुकले.

उचलला आइल्सानं. किती मोठी झालीय आवाजानं! मी म्हटलं, ओमा. तिकडे मागे कुणा पुरुषाचं बोलणं चाललं होतं, टीव्ही असावा. मग अगदी हळू म्हणाली,

"पण आपण बोलायचं नाहीये ना? तू लिहिलंस तसं."

कागदावरचं सगळं डोळ्यांपुढून गेलं. म्हटलं, ओमा चुकली. ओमाची इंग्रजी वाईट आहे. तो शब्द चुकीचा होता. तिनं विचारलं, कुठला? म्हटलं, मस्ट नॉट. मला दुसरा म्हणायचा होता. मग तो दुसराही सांगावा लागला, यू डोन्ट हॅव टू. ती विचारात पडली. नऊ वर्षांची आहे, पण बापासारखीच, घाईनं बोलत नाही.

"म्हणजे आलो नाही तरी चालेल तुला?"

हे बघा! बरोबर म्हटलं तरी हेच! प्रीबंचं थोबाड आठवलं. मी कागद उलटा ठेवला आणि जसं आलं तसं बोलले. नाही, चालणार नाही. आय वाँट दॅट यू कम. मला तू हवीस. रोज हवीस. बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली असती, पण पोरीला कळलं, कारण तिनं नाकातून सूं केलं. आईला देऊ का फोन, म्हणाली. रिसीव्हरवर हात ठेवल्याचा आवाज आला. मग तीच पुन्हा आली. आई आत्ता बोलू शकत नाही, ती लिहीन म्हणते.

शकत नाही. हे जमत नाही म्हणून, का मनात नाही म्हणून? तीन महिने शिकतेय हे, आणि तरी कळत नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

पेटी रिकामी. जाहिराती सोडून.

सोमवार, ९ डिसेंबर

मॉरवेनचं पत्र. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा डिक्शनरी घेऊन.

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! हाइको चौदा वर्षं हीच चूक करायचा. यू मस्ट नॉट कुक टुडे, म्हणायचा, आणि ती पेपर घेऊन बसायची. मला काय म्हणायचंय ते तिला बरोबर कळलं होतं. तिनं मुद्दाम उलटं घेतलं, पोरीलाही तसंच सांगितलं, कारण मार्चपासून तिच्या घरात एक माणूस आहे आणि मला तोंड दाखवायचा तिला धीर नव्हता. कॅलम नाव. आइल्साला शाळेत तोच सोडतो. खाली विचारलंय, मे वी कम? ऑल थ्री?

दिवसभर ओट्यापाशी बसून राहिले. इथे हाइकोच्या खोलीत दुसरा पुरुष झोपणार. जमेल मला? माहीत नाही. खूप रडले, हाइकोचं नाव घेऊन मोठ्यानं रडले.

मग तोंड धुतलं आणि उत्तर पाठवलं. यू मस्ट. तिघांनीही यायलाच हवं.