तीन औषधांचा मेसेज

३ ऑक्टोबर २०१७
आठवीला पुराच्या पाण्यात बुडालेल्या एका स्टेशनचा फोटो दाखवला. खाली लिहिलेलं — ‘नांदुरा, आज सकाळी’. अख्खा वर्ग फसला. राखी तेवढी उठली. “अंजुम मॅडम, पाटीवरचं नाव मराठीत नाहीच. मंग नांदुरा कसं?” मन भरून आलं. ही पोरं आता पाहायला शिकली!

४ ऑक्टोबर
राखी आली नाही.

५ ऑक्टोबर
राखीचे वडील किसनराव कपाशीत फवारताना चक्कर येऊन पडले. शाळा सुटल्यावर मी नांदुऱ्याच्या दवाखान्यात गेले. धोका टळलाय. गुलाबी बोंडअळीसाठी तीन औषधं एकाच पंपात घातली म्हणे.
किसनराव म्हणाले, “मोबाईलवर आलं होतं. खाली शास्त्रज्ञाचं नाव होतं, मले काऊन शंका येईन?”
राखीनं मेसेज मला दाखवला. म्हणाली, “बाबानं मले इचारलं नाही. इचारलं असतं तर मी पाह्यलं असतं.”

७ ऑक्टोबर
किसनराव घरी आले. राखी वर्गात.
मेसेज फळ्यावर उतरवला. तारीख नाही, शास्त्रज्ञाचा पत्ता नाही, कशाचं किती घ्यायचं तेही नाही — सगळं पोरांनीच शोधलं. दीपकनं कृषी सहायकांना फोन लावला. ते म्हणाले, “असं मिश्रण मारूच नका, विषबाधा होते.”
उलटा मेसेज लिहायचं ठरलं. राखी म्हणाली, “आमच्याकडे वाचते कोण? बोलून पाठवू.” मग तिच्याच आवाजात — “काका, हे तीन औषधं एका पंपात नका टाकू. माह्या बाबाले दवाखान्यात न्या लागलं.” पहिल्याच वेळी नीट रेकॉर्ड झालं, गावच्या ग्रुपवर पाठवलं.

९ ऑक्टोबर
उत्तमराव शाळेत आले. किसनरावांचे शेजारी. तो मेसेज किसनरावांना त्यांनीच पाठवला होता. दारातच उभे राहिले. “पोरीचा आवाज आयकला अन् तयार केलेलं औषध बांधावरच ठेवलं. फवारलं नाही.”
राखीनं त्यांना बसायला खुर्ची दिली. मग शांतपणे विचारलं, “काका, तुमाले कोनं पाठवला?”
“चांगुणाबाईनं.” म्हणजे आपल्या शाळेत खिचडी करतात त्या.
पोरांनी फळ्यावर नावं लिहिली, बाण काढले. उद्या चांगुणाबाईंना विचारायचं. बऱ्याच दिवसांनी वाटलं, आपण शिकवतो ते घरापर्यंत जातं. छान झोप लागेल.

१० ऑक्टोबर
राखी स्वयंपाकखोलीतून परत आली. फळ्यापाशी गेली, चांगुणाबाईंच्या नावापुढे बाण काढला आणि थांबली. खडू माझ्या हातात दिला.
माझ्या फोनमध्ये चांगुणाबाईंना पाठवलेले मेसेज उघडून पाहिले. २४ सप्टेंबर. ‘तुमच्या शेताला कामी येईल’ म्हणून पाठवलेला, स्वतः न वाचता.
बाणापुढे लिहिलं — अंजुम मॅडम.