हाताला सापडेल अशी भिंत

॥ श्री ॥
सातपूर, नाशिक
९ जानेवारी २००६

ती. जयरामदादांना,
आशाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

नागलीचं पीठ पोचलं. तुमच्या भाचीने, सविताने, लगेच भाकरी थापल्या. गोल सोडून सगळ्या आकारांच्या झाल्या. तुमच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार? शाळेतली पोरं मजेत असतील, मास्तर मागे धावू शकत नाहीत म्हणून.

पुढचं फोनवर बोलता येत नाही. तुमच्याकडे रेंज नाही, आणि इथे हे दिवसभर घरात असतात. दादा, मला ह्यांच्याकडे बघून भीती वाटायला लागलीय.

महिना झाला, कामाला जात नाहीत. गंगापूर रोडच्या नव्या इमारतींत वीज यायच्या आधीच किचनची कपाटं बसवावी लागतात, म्हणून ह्यांनी बॅटरीवरची हत्यारं घेतली होती. दोन ड्रिल, एक स्क्रू आवळायचं मशीन, एक करवत. दिवाळीपर्यंत ती सगळी एका पोत्यात राहायची. आवरा म्हटलं की चिडायचे. आता मागच्या खोलीची अख्खी भिंत प्लायने मढवलीय. त्यावर तिरक्या कापलेल्या पट्ट्या, पट्ट्यांवर अडकवलेल्या फळ्या. प्रत्येक मशीनला आपली खाच, मूठ खाली लोंबते. खालच्या कप्प्यात बॅटऱ्या आणि चार्जर. काम देखणं आहे. फळ्यांच्या कडेला मात्र करवतीने चरे पाडलेत. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. विचारलं तर म्हणाले, शोभेला.

परवा दुपारी चहा घेऊन गेले, तर खिडकी लावलेली आणि हे डोळे मिटून भिंतीसमोर उभे. एकेक मशीन काढत होते, परत टांगत होते. मी हाक मारली तर असे दचकले की चहा माझ्या हातावर सांडला. मग म्हणाले, यातल्या कशाचीही जागा बदलायची नाही, मी असो नसो.

शेजारच्या भागीबाई म्हणतात, कोणीतरी करणी केलीय. मला वेगळीच शंका येते, ती लिहायला हात धजत नाही. जायचं ठरवलेला माणूसच असं सगळं जागच्या जागी लावून ठेवतो ना? मागच्या खोलीतली नायलॉनची दोरी मी उचलून धान्याच्या कोठीत लपवलीय.

लगेच लिहा. तुमच्या अक्षराकडे डोळे लावून बसलेली,
आशा


पेठ
१३ जानेवारी २००६

चि. सौ. आशास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरं मजेत आहेत, तुझा अंदाज बरोबर. प्लास्टर सत्तावीस तारखेला निघेल. नाहीतर हे पत्र येण्याऐवजी मीच आलो असतो.

दोरी लपवलीस ते बरं केलंस. त्यांना एकटं सोडू नकोस. सविताच्या कॉलेजला सुट्टी आहे तोवर दोघींपैकी एकीने घरात राहावं. जेवण भिंतीजवळच नेऊन त्यांच्यासोबत बसून जेव. आणि त्यांना सरळ विचार. विचारल्याने माणूस काही करत नाही, न विचारल्याने आतल्या आत कोंडतो.

मीही त्यांना वेगळं पाकीट पाठवतोय. आमच्या शाळेला असंच कपाट हवंय, म्हणून चौकशी केलीय. शेवटी विचारलंय की काय दुखतंय ते मला सांगा. बायकोच्या भावाला सांगणं त्यांना अवघड जाईल, पण बघू.

धीर सोडू नकोस. मी इथे आहे, हे विसरू नकोस.
तुझा,
जयरामदादा


सातपूर, नाशिक
२० जानेवारी २००६

ती. दादांना,
हिरामणचा नमस्कार.

अक्षर वाकडं दिसेल. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर समजून घ्या, तेच सांगायचं हाय.

दादा, मला दिसत नाय. समोरचं दिसतं, पण नळकांड्यातून बघावं तसं. उजव्या बाजूला काय चाललंय ते कळतच नाय. पावसाळ्यात दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला, मला वाटलं थकवा असंल. दिवाळीनंतर साईटवर परांचीच्या फळीवरून पाय गेला. खाली वाळू होती म्हणून वाचलो. त्या दिवसापासून स्कूटरला किक मारली नाय. घरात सांगितलं, क्लच गेला.

आमचा बाप पन्नाशीत आंधळा झाला. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, कोण रे? पोरं मुद्दाम बोलायची नायत, तर तो हवेत हात फिरवायचा. मी पण त्या पोरांत होतो, दादा. मला तसं बसायचं नाय.

म्हणून ती भिंत केली. एक चरा म्हंजे ड्रिल, दोन म्हंजे स्क्रूचं मशीन, तीन म्हंजे करवत. बोट फिरवलं की कळतं. बॅटरी बोथट बाजूने धरली की सरळ बसते. पार दिसंनासं झालं तरी पाट, खुर्च्या, काहीतरी करीन. रोज दुपारी सराव करतो. ड्रिल जमतंय. करवत हातात घेतली की घाम फुटतो.

डॉक्टरकडे गेलो नाय. त्यांनी तोंडाने सांगितलं की ते खरं होईल.

आशाला कळू देऊ नका. परवा तिने मला विचारलं, मरायचा विचार आहे का? मी नाय म्हटलं, आणि ते खरं हाय. पण ती रडली ते मला नीट दिसलंसुद्धा नाय.

एवढं पोटात ठेवा.
आपला,
हिरामण


पेठ
२५ जानेवारी २००६

प्रिय हिरामणराव यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पोटात ठेवणार नाही. राग आला तर येऊ द्या.

तुम्ही न दिसण्याचा सराव करताय, पण डोळ्यांना नेमकं काय झालंय ते तुम्हाला, मला, कोणालाच ठाऊक नाही. तुमच्या वडिलांना कोणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. तुम्ही सातपूरला राहता, बसने अर्ध्या तासावर डोळ्यांचा दवाखाना आहे. मला तुमचा राग येतोय.

गुरुवारी, दोन तारखेला, पहिल्या एस.टी.ने येतो. तोवर आशाला तुम्ही स्वतः सांगा. तिने घरातली दोरी लपवून ठेवलीय, हे तुम्हाला माहीत नसेल. ती रोज कसल्या भीतीत जेवण रांधते, त्याचा विचार करा. नाही सांगितलंत तर मी दारातूनच सांगेन. करवतीला तोवर हात लावू नका.

तुमच्यावर जीव असलेला,
जयराम


सातपूर, नाशिक
२० फेब्रुवारी २००६

ती. दादांना,
आशाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही गेल्यावर दवाखान्याच्या चार फेऱ्या झाल्या. तुमच्यासमोर डॉक्टरांनी सांगितलं तेच पक्कं झालं, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत गेलीय. उजव्या डोळ्याचं बहुतेक गेलं, ते परत येणार नाही. डाव्यात अजून बरंच आहे, आणि थेंब चुकवले नाहीत तर ते टिकावं. करवत आणि उंचावरचं काम बंद. ह्यांनी मान हलवून सगळं ऐकलं. डोळ्यांतून पाणी नाही.

मग डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येतं, मुलीला तपासा.

दादा, सविताला बाहेर बाकड्यावर बसवलं तेव्हापासून निकाल येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. ती म्हणत होती, आई, मला समोरच्या पाटीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचता येतं. तिच्या डाव्या डोळ्यात दाब निघाला. नजर अजून पूर्ण आहे, वेळेवर सापडलं, थेंब सुरू केले. डॉक्टर तिच्याशी हसून बोलत होते, आणि हे भिंतीला टेकून खाली बसले. स्वतःसाठी न रडलेला माणूस तिथे सगळ्यांसमोर रडला. एवढंच म्हणत होते, मी आणखी गप्प बसलो असतो तर हिचं काय झालं असतं?

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. काल सकाळच्या बसने आम्ही ह्यांच्या भावाकडे, बुधाभाऊजींच्या पाड्यावर गेलो. पेठला उतरून तुम्हाला भेटायला वेळ नव्हता. ओट्यावर बसून, अख्ख्या भावकीसमोर, ह्यांनी आपलं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी आत चुलीपाशी उभी राहून ऐकत होते. आता आणखी कोणाकोणाचं निघतंय, या विचाराने मी घरातली पोरं मोजत होते. भाऊजींची तिन्ही पोरं तुमच्याच शाळेत आहेत. त्यांना तुम्ही घेऊन या, एवढं माझ्यासाठी करा.

भाऊजी आधी हसलेच. म्हणाले, माझे डोळे ठणठणीत आहेत, मला सगळं दिसतं.

हे म्हणाले, मलाही सगळं दिसत होतं.

 भाऊजी उठले, खुंटीवरचा सदरा काढला आणि आमच्याबरोबर बसमध्ये चढले.

आज ह्यांनी त्यांना तपासायला नेलंय. मी दाराकडे बघत हे लिहितेय. मुलांना आणाल तेव्हा दोन दिवस राहायच्या तयारीने या.

पाठीवरच्या तुमच्या हाताची सवय झालेली,
आशा