नऊ नंबरची जीभ

४ जुलै
साडेतीन महिने माझ्या दातांच्या दवाखान्याला कुलूप, आणि आज पुन्हा लोकांच्या तोंडात डोकावले. तेही कोविड वॉर्डात! मोठ्या डॉक्टरांनी काम नेमून दिलंय. रोज सकाळी प्रत्येकाची जीभ, हिरड्या, टाळू हे सगळं बघायचं, लाळेचा नमुना घ्यायचा, आणि मग चवीची परीक्षा. पाच बाटल्या : गोड, खारट, आंबट, कडू आणि साधं पाणी. रोज क्रम बदलून एकेक थेंब जिभेवर टाकायचा आणि विचारायचं, काय होतं? बाटल्या मीच भरल्या. लाळेत विषाणू किती ते खालच्या मजल्यावर मोजतात. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की कळेल, तोंडाच्या त्रासाचा त्या मोजणीशी काही संबंध आहे की नाही.

नवरा म्हणतो, "सगळं जग तोंड झाकून बसलंय, आणि तू लोकांना आ करायला सांगतेस!"

५ जुलै
अकरा तोंडं झाली. पंचवीस वर्षं दात बघितले, जीभ म्हणून कधी बघितलीच नाही असं वाटतंय. कोरड इतकी की चमचा चिकटतो. पांढरे थर, कडेला लाल चट्टे. आठ नंबरच्या शिक्षकांना पाचही थेंब पाणीच लागले. म्हणाले, "बाई, जेवतो म्हणजे भिंत चावतो."

नऊ नंबरचे काका मात्र अजब! चहाच्या कंपनीत चव घेऊन प्रतवारी ठरवणारे. मी चुकून "चहावाले" म्हटलं तर केवढे दुखावले! "विकत नाही हो, चाखतो. एकतीस वर्षं." जिभेवर जाड थर, उजव्या कडेला दोन मोठे व्रण. आणि पाचपैकी पाच बरोबर!

६ जुलै
प्रयोगशाळेतली मैत्रीण काचेपलीकडून समजावत होती. यंत्र प्रत्येक फेरीत विषाणूची खूण दुप्पट करतं. एकाचे दोन, दोनाचे चार. जितक्या कमी फेऱ्यांत खूण दिसेल, तितका विषाणू जास्त. म्हणजे आकडा लहान तर आजार दांडगा. उलटाच कारभार!

नऊ नंबरचा आकडा चौदा. "मी नमुना दोनदा लावला," ती म्हणाली. "एका थेंबात कोट्यवधी असतील." चमच्याच्या टोकावर आलेला त्यांच्या लाळेचा थेंब आठवला. एवढी गर्दी ज्या तोंडात, तिथे चव शाबूत कशी राहिली?

७ जुलै
पुन्हा पाचपैकी पाच.

८ जुलै
आजही पाच! त्या माणसासमोर हात जोडावेसे वाटले. घाई नाही, थेंब जिभेवर घोळवतात, माझ्याकडे शांत बघतात, मग निकाल. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं तर तेही खुर्चीतून पुढे सरकले. "कसलेली जीभ टिकून राहते की काय? लिहून काढा. बाकीच्यांनाही रोज चव घ्यायचा सराव देऊन बघू."

काकांना एक कागद हवाय, चव शाबूत असल्याचा, माझ्या सहीचा. कंपनीत आता चाखणारा एकच ठेवणार आहेत, ते किंवा त्यांचा जोडीदार. "बाई, दुसरं काही येत नाही मला. या जिभेवर घर उभं आहे." म्हटलं, आनंदाने देईन.

११ जुलै
आकडा बावीस. विषाणू उतरतोय, थर निघतोय, व्रण भरत आलेत. आणि आज काका चुकले! पाण्याला खारट म्हणाले.

१२ जुलै
आकडा एकतीस. व्रण गायब, जीभ गुलाबी. खाऱ्याला पाणी, पाण्याला खारट. आजार टिपेला असताना पैकीच्या पैकी, आणि बरा होताना नापास? रात्रभर डोकं चालवलं, काही केल्या हिशेब जुळेना.

१३ जुलै
आज थेंब टाकायच्या आधीच काकांनी हात वर केला. "बाई, थांबा. पहिल्या दिवसापासून मला काहीही लागत नाही."

मी बाटली खाली ठेवली. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. गोड थेंब ओठांना चिकट लागतो. आंबटाने दात आंबतात. खारं पाणी व्रणाला झोंबायचं. व्रण भरले आणि तो आधार गेला. दात आंबतात! आणि मी दातांची डॉक्टर!

"आणि कडू?"

"ते तुमच्या डोळ्यांत दिसायचं. कडूची बाटली उचलली की तुम्ही डोळे बारीक करता. आता याला त्रास होणार, असे."

इंजेक्शन देताना मी तसंच करते. पंचवीस वर्षांची खोड. बाटल्या मी भरायलाच नको होत्या, दुसऱ्या कुणाकडून भरून घ्यायच्या, हे शिकाऊ पोरीलाही कळलं असतं. रागावायचं होतं, पण राग येईना. जीभ मेलेली असताना ओठ, दात, व्रण आणि समोरच्या बाईचे डोळे, एवढ्यावर या माणसाने आठवडाभर आम्हा सगळ्यांना चकवलं! कसली पारख म्हणायची ही!

"मग आज का सांगितलंत?"

"शिक्षकांनी विचारलं, तुमची गेली नाही, मग माझीच का गेली? सराव कमी पडला का माझा? दर जेवणाला जीभ घासघासून चव शोधतात हो ते. रक्त काढलंय त्यांनी. मला बघवेना."

सगळी पानं रद्द केली. मोठ्या डॉक्टरांची बोलणी खाल्ली. काकांनी कागदाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. घरी आले आणि खूप वेळ आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी राहिले. सासूबाई दाराबाहेरून म्हणाल्या, "बरी आहेस ना गं?"

१४ जुलै
आता बाटल्या मैत्रीण भरते. कशात काय आहे ते मलाही माहीत नसतं. काका पाचही थेंबांना "पाणी" म्हणाले. शिक्षकही. दोघे एकमेकांकडे बघून हसले.

१७ जुलै
पाणी, पाणी, पाणी. उद्या काकांना घरी सोडणार.

१८ जुलै
निघायच्या आधी शेवटची परीक्षा. पहिला थेंब पाणी. दुसरा पाणी. तिसऱ्याला काकांचा सगळा चेहरा आकसला. "शी! किती कडू!" आणि ढसाढसा रडायला लागले. मी चूळ भरायला पेला पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि पुन्हा जीभ बाहेर काढली.