मेहेरबानीचा अर्ज

॥ श्री ॥
शिवणवाडी, ता. खेड
४ जानेवारी १९७३

चि. सयाजीस ज्योतीरामदादाचे अनेक आशीर्वाद. तुझी कंपनी आणि तुझी इस्त्रीची पँट, दोघी खुशाल असतील.

इकडे नदीवरची आमची इंजिने बंद करायची सरकारी नोटीस आली आहे. दुष्काळात उरलेले पाणी तुमच्या पिंपरीच्या कारखान्यांसाठी राखायचे म्हणे. कांदा पोसायला लागलाय, अजून दोन पाणी तरी हवीतच. कोंडाजीआबा म्हणाले, अर्ज सयाजीकडून लिहून घ्या, गावात मॅट्रिक झालेला तोच. त्यांनी सांगितलेला मजकूर सोबत आहे. पाणी आमच्या हक्काचे, बापजाद्यांपासून मोटेने उचलत आलो. तू फक्त शुद्ध कर.

तुझी वहिनी विचारते, जेवतोस ना वेळेवर. कळावे, जीव आहेच तुझ्यावर.

दादा

पिंपरी
९ जानेवारी १९७३

ती. दादांस सयाजीचा सा. न. वि. वि. अर्ज टाइप करून पाठवला आहे, सह्या-अंगठे घ्यावेत.

आबांचा मजकूर जरा तिखट होता. हक्क म्हटले की साहेब लोक बिथरतात, म्हणून तो शब्द काढला. ‘मायबाप सरकारच्या मेहेरबानीने आजवर मिळत आलेले पाणी कृपावंत होऊन पुढेही द्यावे’ असे घातले. आमच्या कंपनीत असेच लिहावे लागते, रजासुद्धा अशीच मिळते.

वहिनींना सांगा, खाणावळीची पोळी ओढून तोडावी लागते. लोभ आहेच, त्यात यंदा थोडे कौतुकही घालावे.

सयाजी

शिवणवाडी
२ फेब्रुवारी १९७३

चि. सयाजीस आशीर्वाद. राजगुरुनगरला सुनावणी झाली. साहेबांनी तुझी ती ओळ दोनदा वाचली. म्हणाले, पाणी मेहेरबानीचे आहे हे गावानेच लिहून दिले, खाली अंगठे आहेत, यंदा मेहेरबानी करता येत नाही. दुसऱ्याच दिवशी इंजिनांना सील लागले. कांदा गेला.

एसटीत आबांनी विचारले, हा शब्द घातला कुणी. मी म्हणालो, मीच घालायला लावला, सयाजी नको म्हणत होता. आता चावडीवर माझ्याशी कुणी बोलत नाही. तुला दोष देत नाही. मीही अर्ज वाचला होता, आणि मला तो झोकदार वाटला होता, याचीच लाज वाटते.

तब्येत सांभाळ.

दादा

पिंपरी
१२ फेब्रुवारी १९७३

ती. दादांस साष्टांग नमस्कार. मी तुम्हाला अर्धेच खरे लिहिले होते. ते पाणी आमच्याच कंपनीला येते. हक्काचा अर्ज माझ्या हातचा निघाला हे वर कळले तर नोकरी जाईल, या भीतीने तो शब्द काढला. साहेबांचे बिथरणे हा बहाणा होता.

काल रविवारी चावडीवर सगळे सांगून टाकायचे ठरवून आलो. फाट्यावर उतरलो तर कोंडाजीआबा कांद्यात मेंढरं सोडून बांधावर बसलेले. त्यांनीच हाक मारली, उन्हातून आलास म्हणून तांब्या पुढे केला. म्हणाले, पोरा, तुझं ऐकलं असतं तर आज ही येळ न्हवती, पर ज्योतीरामानं घात केला.

मी मान डोलावली, दादा. पाणी प्यालो आणि घरी न येता मिळेल त्या गाडीने परतलो.

आशीर्वाद मागण्याचे तोंड नाही, म्हणून नुसते नावच लिहितो.

सयाजी