विळी निमालीची

मी मिल्काबाई शालोम झिराडकर, वय एक्क्याऐंशी, शिक्षण दुसरी यत्ता, राहणार दिमोना, तिसरा मजला. डोकं ठिकाणावर ठेवून आणि कोणाच्या दबावाला न भिता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. दबाव आहे, तो खाली जिन्यात सिगरेट ओढत उभा आहे. गाडी यायला अर्धा तास आहे. तरी आज मी आनंदात आहे, ते का, पुढे येईलच.

१. घर मुलगा ओवेद याला. मागची खोली मात्र, आता तिथे राहते त्या कुसुमासारखी कोणी सुटून आली तर तिच्यासाठी मोकळी ठेवावी. सूनबाई तोंड वाकडं करील. करू दे. तिने माझ्या नवसाच्या मलिद्याला "गोड पोहे" म्हटलं होतं, ते मी विसरलेली नाही.

२. माझ्या पाटल्या, आणि सेफेर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, लिहून घ्यायला माझ्या नवऱ्याने, शालोमने साठवलेले पैसे, कोणी शोधू नयेत. ते मी गाबीला दिले. गाबी म्हणजे आत्ता जिन्यात उभा आहे तोच, चौथ्या मजल्यावरचा, सिनेगॉगमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. म्हाताऱ्यांच्या सेवेचं काम सांगून तो श्रीलंकेहून पोरी आणतो, पासपोर्ट काढून घेतो, कोंडून ठेवतो, हॉटेलं धुवायला नेतो आणि मजुरी स्वतः खातो. त्यांतल्याच कुसुमाने वरच्या खिडकीतून माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर चिमट्यात अडकवून चिठ्ठी टाकली, तेव्हा मला कळलं. बंदिवानाला सोडवायला सेफेरसुद्धा विकावा, असं माझे बाबा सांगत. मी गाठोडं घेऊन वर गेले. कुसुमा घरी आली, पासपोर्ट आला नाही. मी गव्हाच्या चिकाचा हलवा केला. शालोम, रागावू नकोस.

आठव्या दिवशी वरून दुसऱ्याच पोरीचं रडणं. कुसुमाने खिडकीतून तिच्या भाषेत विचारून घेतलं: निमाली, वय एकोणीस.

सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे आमचे हझान एलियाहू म्हणाले, "मिल्काबाई, बंदिवानाची भरमसाट किंमत देऊ नये असं जुन्या लोकांनी का ठरवलंय? पळवणाऱ्याला धंदा मिळतो म्हणून!"

"मग आधी सांगायचंत!"

"आधी विचारायचंत!"

म्हणजे माझ्या पाटल्यांवर निमाली आली. ही चूक माझी, म्हणून ती मृत्युपत्रात.

३. देश सोडताना नवगावहून आणलेली खोबरं खवायची विळी निमालीला. नणंदेने ती दोनदा मागितली होती, तिला देऊ नये. निमाली बाहेर येईपर्यंत त्या विळीवर कोणी नारळ खवू नये.

४. पोलीस फोनवर म्हणाले, आजी, येऊन लेखी द्या. म्हणून आज निघालो आहोत. सकाळी दूध आणताना गाबी म्हणाला, "आजी, पायऱ्या जपून उतरा. या वयात पाय घसरतो."

मी म्हटलं, "पन्नास वर्षं उतरतेय, बाळा. तू बाजूला हो."

मी खाली पोचले नाही तर हीच माझी जबानी समजावी: निमाली चौथ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या खोलीत, बाहेरून कुलूप. आत्ताच मी भिंतीतल्या पाइपावर तीनदा वाजवलं. वरून तीनदा उत्तर आलं! पोर जिवंत आहे, शुद्धीवर आहे. म्हणून आनंदात आहे.

५. कुसुमाला काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही, असं हझान म्हणाले. मी तिला विचारलं, "वाटा हवा की सही?"

"सही, आजी. इथे आल्यापासून माझी सही कोणी मागितली नाही."

दिमोना, मंगळवार, २७ ऑक्टोबर २०१५, १४ खेशवान ५७७६.

सही: मिल्काबाई शालोम झिराडकर

साक्षीदार: एलियाहू पेझारकर, हझान.

साक्षीदार: कुसुमा रणवीर. पासपोर्टचा क्रमांक तिने तोंडपाठ सांगितला, तो मागे लिहिला आहे. पासपोर्ट गाबीच्या कपाटात.

सहीनंतर लिहिलेलं: हॉर्न वाजला. हझान पुढे, कुसुमा मधे, मी मागे. विळी फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतली आहे. मृत्युपत्रावर कशाला सोडायची? निमालीच्या हातात मीच देईन.